परदेशी मुलांकडे राहायला जाताय? रोजच्या गोळ्यांची सोय नाशकातूनच लावून निघा

व्हिसा आला, तिकिटं निघाली, की माणसं मेडिकलमध्ये येतात आणि म्हणतात, "सहा महिन्यांचं सगळं बांधून द्या." नाशकात औषधांचं दुकान चालवताना हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडलंय, की हल्ली मी आधी उलटा प्रश्न टाकतो: "काका, आणि सातव्या महिन्यात काय?"

निवृत्तीनंतर मुलाकडे किंवा मुलीकडे लांबच्या मुक्कामाला किंवा कायमचं जाणाऱ्यांचा सगळा भर साठ्यावर असतो. पण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारखे देश स्वतःपुरती औषधं साधारण तीन महिन्यांचीच आणू देतात. शिवाय आपल्या कॉलेज रोडच्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या दुकानात चालत नाही. इथे ओळखीचा मेडिकलवाला जुनी स्ट्रिप बघून गोळी काढून देतो (देऊ नये, पण देतो, हे मीच कबूल केलेलं बरं). तिथे तुम्ही काउंटरवर रडलात तरी चिठ्ठीशिवाय बीपीची गोळी मिळणार नाही. म्हणजे नेलेल्या गोळ्या आहेत तोवर तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी हातात आली पाहिजे. तो डॉक्टर तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा बघणार, पंधरा-वीस मिनिटं देणार आणि तुमचे कागद वाचून ठरवणार. ते कागद नाशकातच तयार होतात. निघण्याच्या तीन महिने आधी कामाला लागा.

आधी यादी

घरातली सगळी औषधं एकदा टेबलावर ओता. रोजचा डबा, उशाजवळची स्ट्रिप, फ्रिजच्या दारातले थेंब, गुडघ्याचं मलम, झोपेची अर्धी गोळी, सगळं. "ती कधीतरीच घेतो" म्हणून वगळलेली गोळीच विमानतळावर नडते. का, ते पुढे येईल.

एक आजी स्टीलच्या डबीत सुट्या गोळ्या घेऊन आल्या होत्या. "ही गुलाबी बीपीची, ही अर्धी शुगरची, ही पांढरी लेकाने पाठवलेली." घरात हे चालतं. परदेशात गुलाबी गोळीला कुणी ओळखत नाही, आणि तिच्यावरच्या ब्रँडच्या नावालाही नाही. टेल्मा-एएम हे नाव इथे पोरासोरांना पाठ असतं. तिथल्या डॉक्टरला "टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम आणि अम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम" सांगितलं तरच कळणार. ग्लायकोमेट-जीपी 2 म्हणजे मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम, तेही हळूहळू सुटणारं, आणि ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम. इकोस्प्रिन-एव्ही 75 म्हणजे अ‍ॅस्पिरिन 75 आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन 10. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत ही नावं छापलेली असतात. भिंग घ्या, नातवाला बसवा, नाहीतर आमच्याकडे या. कुठल्याही मेडिकलवाल्याला हे दहा मिनिटांचं काम आहे. जनऔषधी केंद्रातून औषधं घेणाऱ्यांचं काम निम्मं झालेलं असतं, कारण तिथल्या पाकिटावर मूळ नावच असतं.

प्रत्येक औषधापुढे इतकं लिहा: मूळ नाव, ताकद, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, कशासाठी, कधीपासून. ताकद लिहिताना मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत गोंधळ नको. थायरॉईडची 50 ची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. "एसआर" किंवा "एक्सआर" (हळूहळू सुटणारी गोळी) लिहिलं असेल तर तेही उतरवा. तशी गोळी आणि साधी गोळी एकमेकींच्या जागी चालत नाहीत. आणि 1-0-1 असं लिहू नका. आपल्याकडे कंपाउंडरलाही कळणारी ही खूण अमेरिकेतल्या डॉक्टरला कळेलच असं नाही. "सकाळी एक, रात्री एक" हे इंग्रजीत पूर्ण शब्दांत लिहा.

औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर ती यादीच्या अगदी वर, ठळक.

डॉक्टरांकडे एक निवांत भेट

ही भेट नेहमीच्या तपासणीत उरकू नका. वेळ मागून घ्या, "परदेशी चाललोय, पत्र हवंय आणि औषधं तपासून हवीत" असं आधीच सांगा. दोन गोष्टी घेऊन यायच्या आहेत.

पहिली, लेटरहेडवर टाइप केलेलं इंग्रजी पत्र. त्यात तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं. आपल्याकडे फाइलवर "कुलकर्णी काकू" आणि पासपोर्टवर वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट लांबलचक नाव, हे नेहमीचं. कस्टमवाला दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतो. जन्मतारीख, आजार, वर लिहिली तशी औषधांची यादी, "ही औषधं रुग्णाच्या स्वतःच्या वापरासाठी आहेत" हे वाक्य, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. तारखेत महिना अक्षरांत लिहायला सांगा. 5/8 म्हणजे आपल्याकडे पाच ऑगस्ट, अमेरिकेत आठ मे.

पत्रासोबत अलीकडचे रिपोर्ट जोडा: एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), क्रिएटिनिन (किडनी), लिपिड (कोलेस्टेरॉल), टीएसएच (थायरॉईड), ईसीजी, झाली असेल तर टू-डी इको. अँजिओप्लास्टी झाली असेल तर स्टेंटचं कार्ड आणि डिस्चार्ज समरी. नवा डॉक्टर ह्यांच्या जोरावर औषध "चालू ठेवा" म्हणतो. रिपोर्ट नसतील तर सगळ्या तपासण्या तिथल्या भावात पुन्हा कराव्या लागतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि हमखास राहून जाणारी. आपल्याकडे सर्रास चालणारी काही औषधं त्या देशात मिळतच नाहीत. मधुमेहाची टेनेलिग्लिप्टिन भारतात घराघरांत पोचली आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ती नाही. व्होग्लिबोज आणि व्हिल्डाग्लिप्टिन अमेरिकेत नाहीत. ग्लिक्लाझाइड ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मिळते, अमेरिकेत नाही. बीपीची सिल्निडिपिन अमेरिकेत मिळत नाही. झडपेचं ऑपरेशन झालेल्यांना आपल्याकडे बऱ्याचदा रक्त पातळ करणारं असेनोकुमारॉल देतात. अमेरिकेत ते नाही, तिथे त्या जातीचं वॉरफरिन. अंगदुखीची निमेसुलाइड अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया कुठेच मंजूर नाही. ती तर न्यायचीच नाही.

अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: तिथे मिळणाऱ्या औषधावर आत्ताच बदलता येईल का? तीन महिने आधी म्हणतो ते याचसाठी. बदललेली गोळी सोसते की नाही, शुगर कुठे राहते, पाय सुजतात का, हे नाशकात ओळखीच्या डॉक्टरांसमोर कळलेलं बरं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा बदल तर आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं ते सांगणारी तपासणी) पुन्हा पुन्हा बघतच करावा लागतो. आणि हा बदल डॉक्टरांनीच करायचा. "बहिणीला ती चालते" म्हणून स्वतः बदलणारे लोक मी पाहतो आणि माझ्या पोटात गोळा येतो.

तीन औषधं एकत्र असलेली गोळी असेल तर तिचे सुटे घटक करून घ्यायचा विचार करा. अमेरिकेत ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन अशी जोडगोळी मिळत नाही. दोन्ही सुट्या मात्र सहज आणि स्वस्त मिळतात. कमी ताकदीची अ‍ॅस्पिरिन तिथे 75 ऐवजी 81 मिलिग्रॅमची असते. ते बघून घाबरू नका.

खरेदी

गोळे कॉलनीतल्या ठोक बाजारातून घ्या किंवा गल्लीतल्या दुकानातून, तुमच्या नावाचं बिल हवंच. मुलगा पैसे ऑनलाइन देतो आणि बिल त्याच्या नावावर निघतं, तसं नको. दुकानदाराला आठवडाभर आधी सांगितलंत तर एका बॅचचा, लांब मुदतीचा माल मागवता येतो. निघण्याच्या आदल्या दिवशी आलात तर जे शेल्फवर असेल ते घ्यावं लागेल.

पूर्ण स्ट्रिप घ्या. कापलेल्या तुकड्यावर कधी मुदत नसते, कधी नाव नसतं, आणि नाव नसलेली गोळी कस्टमच्या दृष्टीने कसलीही असू शकते. बाहेरचं खोकं जागा खातं म्हणून फेकू नका. हवं तर चपटं करून स्ट्रिपभोवती रबर लावा. आठवड्याचा प्लॅस्टिकचा डबा प्रवासाच्या दोन दिवसांपुरताच भरा.

नोट प्रेस, ओझरचं एचएएल, देवळालीचा तोफखाना इथून निवृत्त झालेल्या बऱ्याच जणांना औषधं सरकारी किंवा कंपनीच्या योजनेतून मिळतात. तिथे एकदम जास्त महिन्यांची औषधं हवी असतील तर तिकीट आणि व्हिसाची प्रत जोडून अर्ज द्यावा लागतो. तो दोन महिने आधी द्या.

कोणत्या देशात काय चालतं

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी साधारण 90 दिवसांची औषधं आणायला हरकत घेत नाहीत. पर्यटक व्हिसावर मुक्काम मात्र बहुधा सहा महिन्यांचा मिळतो, त्यामुळे सहा महिन्यांचा साठा नेणारे पुष्कळ आहेत आणि बहुतेकांना कुणी अडवत नाही. तरीही तो अधिकाऱ्याच्या मर्जीचा मामला आहे. मी तीन महिन्यांचाच सल्ला देतो. 90 दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी नागरिकाला उरलेली औषधं पार्सलने मागवता येतात. पार्सलसोबत पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, डॉक्टरांचं पत्र आणि इंग्रजी चिठ्ठी लागते.

कॅनडात 90 दिवसांची किंवा एका पूर्ण उपचारापुरती, यांतलं जे कमी असेल तेवढी. (नाशकातल्या कॅनडा कॉर्नर चौकातून कॅनडाला निघालेल्यांना हा विनोद मी दरवेळी ऐकवतो, कुणी हसत नाही.) मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी घ्यावा लागणारा किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा अचानक आजारपण आणि हॉस्पिटल यांसाठी असतो. रोजच्या गोळ्यांचे पैसे त्यातून मिळतील असं गृहीत धरू नका.

ऑस्ट्रेलियात तीन महिन्यांचा साठा, सोबत चिठ्ठी किंवा पत्र, आणि विमानात मिळणाऱ्या कार्डावर औषधं आहेत हे जाहीर करायचं. त्या कार्डावर "नाही" खूण करून पिशवीत औषधं सापडली तर प्रकरण वाढतं. "हो" लिहिलं तर अधिकारी बघतो आणि सोडतो.

ब्रिटनमध्ये साध्या औषधांचा त्रास नाही, पण मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या दोन औषधांकडे लक्ष द्या. मधुमेहाने तळपायांची आग होते म्हणून आपल्याकडे प्रेगॅबॅलिन किंवा गॅबापेंटिन देतात, बहुतेकदा मिथाइलकोबालामिन या बी-12 व्हिटॅमिनसोबत, आणि घेणारा त्याला "व्हिटॅमिनची गोळी" म्हणतो. एप्रिल 2019 पासून ब्रिटनमध्ये ही दोन्ही नियंत्रित औषधं आहेत. पत्रात त्यांचा उल्लेख हवाच, आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त साठा नेण्यासाठी वेगळा परवाना लागतो.

सगळ्यात कडक संयुक्त अरब अमिराती. ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम, प्रेगॅबॅलिन यांतलं काही असेल तर निघण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी घ्या. ती "कधीतरी घेतो ती झोपेची अर्धी गोळी" इथे नडते. सुटी, चिठ्ठीविना, पाकिटाविना सापडली तर प्रसंग गंभीर होऊ शकतो. आणि औषधाचा विषय नसला तरी सांगून ठेवतो: खसखस तिथे बंदीच्या यादीत आहे. लेकीसाठी दुबईला न्यायचे अनारसे खसखशीविना करा.

आयुर्वेदिक औषधांबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. वैद्यांनी कागदाच्या पुडीत बांधून दिलेलं चूर्ण नेऊ नका. सीलबंद, घटक छापलेली बाटली असेल तर थोडी न्या आणि जाहीर करा. भस्मं आणि रसौषधी (धातू-खनिजांपासून केलेली औषधं) इथेच राहू द्या. शिसं आणि पारा या कारणांवरून पाश्चात्त्य देशांनी अशा औषधांबद्दल वारंवार इशारे दिलेले आहेत, आणि तिथल्या डॉक्टरला रक्तात शिसं सापडलं तर बाकी सगळे उपचार बाजूला राहतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचा

भारतात इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या अजून 40 युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपणाची. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात बाटली 100 युनिटची. आता समजा नाशकातून नेलेली लाल टोपणाची सिरिंज उरली आहे आणि तिथल्या बाटलीतून तुम्ही नेहमीसारखं 20 च्या रेघेपर्यंत औषध ओढलंत. सिरिंजमध्ये आलं अर्धा मिलिलिटर, आणि अंगात गेले 20 नव्हे, 50 युनिट. रात्री शुगर कोसळते आणि घरच्यांना कारण कळत नाही. उलट्या बाजूने, 40 ची बाटली आणि 100 ची नारिंगी टोपणाची सिरिंज घेतली तर 20 च्या रेघेवर फक्त 8 युनिट जातात.

उपाय सोपा आहे. निघण्याच्या दोन महिने आधी डॉक्टरांना विचारून पेनवर या. पेनची काडतुसं भारतातही 100 युनिटचीच असतात. बाटलीवरच राहायचं असेल तर 100 युनिटची बाटली आणि तिच्याच सिरिंज इथूनच सुरू करा आणि लाल टोपणाच्या घरातून काढून टाका.

नावातही एक मेख आहे. आपल्याकडे ज्याला 30/70 म्हणतात तेच मिश्रण अमेरिकेत 70/30 नावाने मिळतं. आकडे उलटे, औषध तेच. आपलं 50/50 असेल तर मात्र ते वेगळं.

इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत टाकू नका. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन फुकट. केबिन बॅगेत, थंड पिशवीत, बर्फाच्या पॅकला थेट न टेकवता. न उघडलेलं 2 ते 8 अंशांत ठेवायचं. चालू असलेलं साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात टिकतं, पण एप्रिल-मेच्या दुपारी नाशिकहून मुंबईला जाताना गाडीच्या डिकीत नाही. पायाशी, एसीच्या बाजूला ठेवा. सुरक्षा तपासणीत 100 मिलिलिटरचा नियम औषधांना लागत नाही, पण इन्सुलिन आणि सुया आहेत हे स्वतःहून सांगायचं आणि पत्र पुढे करायचं.

ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या इथूनच न्या, दुसऱ्या कंपनीच्या पट्ट्या त्यात चालत नाहीत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शुगर मिलिमोलमध्ये मोजतात. आपल्या आकड्याला 18 ने भागायचं. 126 म्हणजे तिथले 7, 180 म्हणजे 10. एचबीएवनसीसुद्धा ब्रिटनमध्ये टक्क्यांत सांगत नाहीत. आपले 7 टक्के म्हणजे तिथले 53. "शुगर सात आली" ऐकून साखर खायला धावू नका.

प्रवासाचा दिवस

सगळी औषधं केबिन बॅगेत. दोघे जात असाल तर प्रत्येकाची स्वतःच्या बॅगेत, स्वतःच्या कागदांसह. कागदांच्या दोन प्रती, फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

वेळेचं गणित आधीच करून घ्या. न्यूयॉर्कची घड्याळं उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतात, हिवाळ्यात साडेदहा. नाशकात रात्री आठला घेतली जाणारी गोळी म्हणजे तिथल्या उन्हाळ्यातले सकाळचे साडेदहा. दिवसातून एकदाच्या गोळ्या बहुधा दोन-तीन दिवसांत तिथल्या वेळेवर सरकवता येतात, पण इन्सुलिन, फिट्सची आणि रक्त पातळ करणारी गोळी कोणत्या तासाला घ्यायची हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. विमानात जेवण दोनदा येतं म्हणून शुगरची गोळी दोनदा घ्यायची नसते.

पोचल्यावर: जेट लॅग उतरला की लगेच

मुलं म्हणतात, "बाबा, आधी आराम करा, औषधं आहेत ना तीन महिन्यांची." इथेच दिवस हातातून जातात. नव्या पेशंटला डॉक्टरची वेळ मिळायला अनेक ठिकाणी आठवडे लागतात. अपॉइंटमेंट तुम्ही विमानात बसण्याआधीच मुलांनी घेऊन ठेवावी, पोचल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातली. साठा निम्मा संपायच्या आत चिठ्ठी हातात आली पाहिजे.

अमेरिकेत पर्यटक म्हणून असाल तर प्रवासी विमा जुन्या आजाराच्या रोजच्या औषधांना सहसा पैसे देत नाही. डॉक्टरची फी खिशातून. कम्युनिटी हेल्थ सेंटर नावाची केंद्रं विमा नसलेल्यांनाही बघतात आणि उत्पन्न बघून फी ठरवतात. गावात असेल तर आधी तिथे विचारा. चिठ्ठी मिळाली की औषधांचा खर्च मात्र वाटतो तितका भयंकर नसतो, अट इतकीच की औषध जुनं आणि जेनेरिक हवं. वॉलमार्टच्या स्वस्त यादीत मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड अशी औषधं 30 दिवसांना 4 डॉलर, 90 दिवसांना 10 डॉलर या भावात असतात. कॉस्टको या सभासदांसाठीच्या मोठ्या दुकानाच्या औषध विभागात सभासद नसलात तरी औषध मिळतं. गुडआरएक्स या औषधांवर सूट देणाऱ्या संकेतस्थळाचं मोफत कूपन फोनवर काढून काउंटरवर दाखवलं तर त्याच गोळीचा भाव बराच खाली येतो, आणि दोन दुकानांतला फरक बघून तुम्ही थक्क व्हाल.

पैसे जातात ते नव्या औषधांवर. आपल्याकडे पेटंट संपल्यावर सिटाग्लिप्टिन 2022 मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिन 2025 मध्ये स्वस्त झाली. अमेरिकेत विम्याशिवाय अशा ब्रँडेड गोळ्यांचं महिन्याचं बिल शेकडो डॉलरांवर जाऊ शकतं. त्यावर असाल तर स्वस्त पर्याय आहे का, हेही त्या नाशिकच्या भेटीतच विचारा. साधं ह्यूमन इन्सुलिन वॉलमार्टमध्ये बाटलीला सुमारे 25 डॉलरला, बहुतेक राज्यांत चिठ्ठीशिवायही मिळतं. बाटली 100 युनिटची, वर सांगितलं ते लक्षात असू द्या.

ग्रीन कार्डवर गेलेल्यांना वाटतं, पासष्ट उलटली म्हणजे मेडिकेअर (तिथला ज्येष्ठांचा सरकारी विमा) लागू. तिथे काम केलेलं नसेल तर सलग पाच वर्षं राहिल्यावर, हप्ता भरून ते घेता येतं. तोवर खासगी विमा घ्यावा लागतो. त्यात तुमची औषधं कोणत्या गटात बसतात ते बघूनच योजना निवडा.

अमेरिकेत औषध स्ट्रिपमध्ये न येता नारिंगी बाटलीत सुटं येतं. बाटलीच्या लेबलवर तुमचं नाव, औषध, कसं घ्यायचं आणि "रिफिल" (त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध घेणं) किती उरले ते छापलेलं असतं. रिफिल शून्य दिसलं की डॉक्टरला कळवायचं. गोळीचा रंग पुढच्या वेळी बदलू शकतो, कंपनी बदलली की असं होतं. बाटलीवरचं नाव आणि ताकद तीच असेल तर काळजी नाही.

ब्रिटनमध्ये जीपीकडे (म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवा. इंग्लंडमध्ये त्यासाठी फी नाही आणि पाहुण्यांनाही नोंदणी करता येते. साठ वर्षांवरच्यांना इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीचे पैसे लागत नाहीत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये कुणालाच नाहीत. हॉस्पिटलचा हिशोब वेगळा, पाहुण्यांना तो भरावा लागतो. ऑस्ट्रेलियाचा भारताशी परस्पर आरोग्य करार नाही, त्यामुळे आई-वडिलांना तिथे डॉक्टर आणि औषध दोन्ही पूर्ण किमतीत. दुबईत मुलाने स्पॉन्सर केलेला विमा असतो. त्यात जुने आजार धरलेत का, हे पॉलिसी घेतानाच बघायचं.

मागाहून मागवायची असतील तर

"शेजारचे देशपांडे पुढच्या महिन्यात जातायत, त्यांच्याकडे देऊ का?" हा प्रश्न रोजचा. माझं उत्तर नाही असंच असतं. औषधं आणायची सवलत ज्याची त्याला असते. ऑस्ट्रेलियाचा नियम तर सरळ आहे: स्वतःची किंवा सोबत असलेल्या, आपल्या देखरेखीखालच्या माणसाची. देशपांडेंच्या बॅगेत तुमच्या नावाची चिठ्ठी निघाली तर उत्तरं देशपांडेंना द्यावी लागतात.

अमेरिकेला पार्सल पाठवताना वर सांगितलेले चारही कागद आत घाला आणि बाहेर पारदर्शक पाकिटात प्रत लावा. 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलना मिळणारी करमाफी बंद झाली आहे, तेव्हा कुरिअरवाल्याला कराचा आकडा आधी विचारा. पार्सल अडकू शकतं हे धरून एक महिन्याच्या गोळ्या हातात असतानाच पाठवायला सांगा. ऑस्ट्रेलियात पार्सलने औषध मागवायला तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. आणि ती मिळाली असेल तर औषध तिथेच घेतलेलं सोपं. इन्सुलिन पार्सलने अजिबात नको.

परत आलात की

तिकडच्या नारिंगी बाटल्या थेट कपाटात ठेवू नका. बाटलीवर अम्लोडिपिन लिहिलेलं असतं आणि कपाटात टेल्मा-एएमची जुनी स्ट्रिप पडलेली असते. दोन वेगळी औषधं समजून दोन्ही घेतली की बीपी खाली जाऊन चक्कर येते. अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात ते आपलं पॅरासिटामॉल, आणि दम्याचं अल्ब्युटेरॉल म्हणजे आपलं साल्ब्युटामॉल. सगळ्या बाटल्या पिशवीत भरून आधी डॉक्टरांकडे न्या, यादी नव्याने लिहून घ्या, आणि जुन्या स्ट्रिप आमच्याकडे आणून मुदत बघून निवडून घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा दुपारी तीनच्या सुमारास या. त्या वेळी काउंटरवर बोलायला फुरसत असते.